एक तारखेला कोण होतं

अ‍ॅमिडनच्या पुढे डांबर संपतं.
मग लाल खडी. जमिनीखाली कधी कोळसा पेटला
आणि वरची माती विटेसारखी भाजून निघाली, तीच ही.
मागच्या सीटवर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा,
सरकारी पेन्सिली,
आणि कुत्र्यांसाठी बिस्किटं. ती मात्र पदरमोड करून आणलेली.

नॉर्थ डकोटा म्हणजे सत्तर हजार चौरस मैल
आणि माणसं सात लाखही नाहीत.
आमची स्लोप काउंटी त्यातही उणी:
बाराशे चौरस मैलांत मागच्या खेपेला सातशे सदुसष्ट डोकी.
म्हणायची शिरगणती, पण दिवस जातो शिरं शोधण्यात.
एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत
रेडिओवर गव्हाचा भाव दोनदा सांगून होतो.

राज्यातला सगळ्यात उंच माथा इथलाच, व्हाइट ब्यूट.
साडेतीन हजार फूट, वर सहा.
बाहेरचे येतात, बघतात, म्हणतात, "एवढाच?"
एवढाच.

कुंत्झांच्या घरी केंड्राने पोरगीच मांडीवर दिली.
"हिचं नाव घाल."
पोरीने माझी पेन्सिल धरली ती सोडेना.
मी म्हटलं, एक एप्रिलला कोण होतं तेवढंच विचारतात.
ही नऊची.
"म्हणजे आता दहा वर्षं ही नाहीच?"
कागदावर नाही, म्हटलं.
पेन्सिल सोडवून घेतली, तर पोरीने भोकाड पसरलं.

मग ऑर्फा ब्राटेन.
घरात माणसं किती, विचारलं,
तर ती खिडकीतून ब्यूटकडे बघत राहिली.
"मी पेंबिनाची," म्हणाली. "राज्याचा तळच तो. जमीन ताटासारखी.
आमची रेड नदी उत्तरेला वाहते, उफराटी.
वसंतात तिच्या उगमाकडचं बर्फ आधी वितळतं,
पुढे कॅनडाकडे अजून घट्टच असतं.
पाण्याला वाट मिळत नाही, मग ते स्वयंपाकघरात येतं.
बाप म्हणाला, हिला उंचावर द्या.
सेल्मरच्या अंगणाहून उंच काही सापडलं नाही."

सेल्मर छत्तीस सालचा.
त्या फेब्रुवारीत पार्शलला पारा शून्याखाली साठ फॅरनहाइट उतरला,
त्याच जुलैत स्टीलला एकशे एकवीस चढला.
दोन्ही विक्रम अजून तसेच आहेत.
आईने त्याला बुटांच्या खोक्यात घालून
ओव्हनच्या उघड्या दाराशी ठेवला होता,
आणि पाच महिन्यांनी, खोक्यात मावेना तेव्हा,
तळघरात, बटाट्यांशेजारी.
"हवेबद्दल त्याची कधी तक्रार नव्हती," ऑर्फा म्हणाली.
"वाऱ्याला मात्र शिव्या. नॉर्वेजियनमध्ये,
म्हणजे मुलांना कळू नयेत."

गेला ईस्टरच्या पहाटे. चार एप्रिल.
टेबलावर दोन कप होते. एक माझा,
हे माझ्या उशिरा लक्षात आलं.
"तेव्हा एकच लिही."

"एक तारखेला होता ना?"
"होता की. ट्रॅक्टरखाली उताणा पडून तेल बदलत होता.
पाऊण इंची पाना मागितला, मी अर्धा इंची नेला.
ओरडला माझ्यावर."

मी लिहिलं: दोन.
सेल्मर ब्राटेन, पुरुष, चौऱ्याहत्तर.
ऑर्फाने चष्मा लावला.
"पेन्सिलने? उद्या कुणी खोडेल."
दाबून लिहिलंय, म्हटलं.
तिने अर्ज उलटा केला
आणि कागदाच्या पाठीवरून बोट फिरवून पाहिलं.
बराच वेळ.

डिसेंबरात राज्याचा आकडा आला:
सहा लाख बाहत्तर हजार पाचशे एक्क्याण्णव.
काउंटीचा वसंतात. सातशे सत्तावीस, चाळीस कमी.
अधिकारी विचारत होते, चूक तर नाही ना काही?

एक जास्त आहे त्यात.
आणि एक कमी, पेन्सिल न सोडणारी.
म्हणजे बरोबर.