झांजेखालचं अक्षर

चौथं गाणं. दोन मिनिटं अकरा सेकंद.
सुकूर झांजेवर काठी हाणतो
आणि एक अक्षर बुडतं.
पुढचं मात्र स्वच्छ:
‘…ओड म्हाका पलतडीं.’
ओढ मला पैलतीरावर?
की सोड?
आधी ‘स’ आहे की नाही
ते त्या पितळेलाच ठाऊक.

बँडचं नाव ‘मानस’.
पणजीच्या लोकांना वाटायचं, मन.
चोडणात कुणालाही विचारा,
मानस म्हणजे बांधावरची लाकडी झडप,
भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी.
चार पोरं, एक सीडी, नऊ गाणी,
रायबंदरच्या एका गॅरेजमध्ये दोन रात्रींत उरकलेली.
तिसऱ्या गाण्यात मागे कुत्रं भुंकतं.
मी बरीच वर्षं त्याचाही अर्थ लावत होतो.

एकोणीसचा होतो. फेरीबोटीच्या कठड्याला टेकून
एक इयरफोन माझ्या कानात, एक लिझेटच्या.
मी म्हटलं, ‘ओड’च. उघड आहे.
अख्खं गाणं चिखलाचं,
चिखलातून माणूस ओढूनच काढतात.
ती म्हणाली, तुम्ही घरात मराठी बोलता,
तुला हे कळायचं नाही. ‘सोड’ आहे.
मग तिच्या बाजूचा इयरफोन
ड्रेसला पुसून माझ्या हातात दिला.

दीड वर्षानं ती स्विंडनला गेली,
गोदामात रात्रपाळीला.
त्या वर्षी मलाही ‘सोड’च ऐकू यायचं,
आवाज वाढवून, कमी करून,
स्कूटरवर, हेल्मेटच्या आत.
‘स’ इतका लख्ख
की आधी कसा निसटला, याचंच नवल वाटे.

आता लॅबसाठी घरोघरी रक्त गोळा करतो.
पहाटेची पहिली फेरी, मांडीवर बर्फाची पेटी,
नळ्यांवर नावं: फातोर्पेकर, मिंगेल, शेणवी.

सातव्या गाण्यात एक ओळ आहे,
‘फ्रिजांतलो दिवो कोणाक रडटा?’
आम्ही हसायचो त्या ओळीला.
लिझेट म्हणायची, गाणारा उपाशी होता, बाकी काही नाही.
मग एका सकाळी मिंगेलबाबांकडे लाइट गेलेली नव्हती,
तरी घर काळोखात. त्यांना सवय नाही म्हणे
एकट्यासाठी दिवे लावायची.
इन्सुलिन काढायला त्यांनी फ्रिज उघडला
आणि तेवढा एक चेहरा पिवळा उजळला,
लोणच्याची बाटली, अर्धा कांदा, चेहरा.
दार मिटेपर्यंत मी सिरिंज हातात धरून उभा.
गाणाऱ्याच्या मनात हे नसेलही.
माझ्यापुरती ती ओळ तिथेच राहते, त्या स्वयंपाकघरात.

सुकूर भेटला परवा, धक्क्यावर.
होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.
मी विचारलंच.
त्यानं हात डिझेलमध्ये धुतले, मग साबणानं,
मग म्हणाला, ती झांज चुकली रे.
एक ठोका आधी पडली.
परत वाजवायचं तर गॅरेजवाल्याला आणखी पाचशे.
आणि शब्द?
शब्द तो दर खेपेला वेगळाच गायचा.
कागद होता एक. त्यावर
कुणीतरी बिअरचा हिशेब केला.
थोडं थांबून त्यानं मलाच विचारलं,
‘तुका कितें आयकूं येता?’

उत्तर तोंडाशी होतं. दोन्ही होती.
तेवढ्यात फेरीचा भोंगा झाला, मी पळालो.

या काठावर खलाशी ओरडतो, सोड!
त्या काठावर तोच माणूस, तोच दोर: ओड!
मधे इंजिनाची घरघर, दुसरं काही नाही.
रोज ऐकतो मी हे. कित्येक वर्षं.
आज पहिल्यांदा मान वर करून
त्याच्या तोंडाकडे पाहिलं.
पान होतं तोंडात. ओठांवरून काही कळेना.

मी गाणं मागे नेतो,
दोन मिनिटं आठ सेकंदांवर.
अजून तीन सेकंद आहेत.
पेटीतला बर्फ सुटू लागलाय.