तेल किती आहे

गठ्ठ्यावर पीट लिहिलेलं होतं.
मी वाचलं पीठ.
रफिकुल म्हणाला, त्यांच्या बारिसालकडे पिठ म्हणजे पाठ,
आणि त्याचंच बरोबर निघालं:
एकशेवीस गठ्ठे, कंटेनरपासून शेडपर्यंत,
पाठीवरूनच गेले.

उम्म अल कुवैनची नर्सरी. सप्टेंबर अर्धा सरला
तरी बादलीच्या कडीला फडकं गुंडाळावं लागतं.
राष्ट्रीय दिनाच्या आत चौकाचौकांत पेटुनिया हवा,
लाल नि पांढरा. हिरवा पानांतून येतो,
काळा या मातीतून. झाला झेंडा.

पट्टी कापली की गठ्ठा सुस्कारा टाकतो.
खरंच टाकतो.
आत तपकिरी, तंबाखूसारखं भुरभुरीत,
वास बुजवलेल्या विहिरीचा.

ही माती नाही, इंजिनियर गिरगिस म्हणाला.
लाटव्हियातल्या दलदलीतलं शेवाळ.
मेलेलं, पण कुजायचं राहिलेलं.
वर्षाला मिलिमीटरभर साचतं म्हणे.
त्याने गठ्ठ्यावर वीत ठेवली: ही दोनशे वर्षं.
दाबून बांधलंय, म्हणजे जास्तच धर.

कुजलं का नाही?
वर पाणी उभं होतं, म्हणाला. हवाच पोचली नाही.

मला तेवढं पुरे झालं.
खोलीवर पलंगाखाली करवंदाच्या लोणच्याची बरणी आहे.
गुहागरहून भरून देताना विशाखाने बजावलं होतं,
वर चार बोटं तेल राहू दे,
तेल खाली गेलं की बुरशी धरते.
दर शुक्रवारी फोनवर पहिला प्रश्न तोच:
तेल किती आहे?
या देशात हे जरा हळू विचारावं.

तर अशी ती बरणी, अख्ख्या गावाएवढी,
तेलाच्या जागी पाणी.
शेवाळाने जन्मभर हवेतला कार्बन खाल्ला
आणि मेल्यावर तोंड मिटून तळाशी बसलं,
थरावर थर, मुरत.
आता चर खणून पाणी काढतात,
काढल्याशिवाय आमचे गठ्ठे कसे बांधणार?
आणि जिथे खणत नाहीत तिथे उन्हाळा पितो.
तिकडेही लांबलेत म्हणे उन्हाळे.
पाणी वीतभर उतरलं की हवा आत शिरते,
खाल्लेलं सगळं वर येतं,
कधी गुपचूप,
कधी आग लागून, ज्वाळ न दिसता,
मुळांखालून महिनोन्महिने.
त्याने ऊन वाढतं, उन्हाने पाणी आणखी उतरतं.
गिरगिस धुळीत बोटाने गोल काढत होता,
पुरा व्हायच्या आत टँकर आला.

सत्तेचाळिसाव्या गठ्ठ्यात मला काडी सापडली.
करंगळीएवढी. साल शाबूत.
वाकवली तर वाकली.
ती गळून पडली तेव्हा आमच्या घराला
आडनावही नसेल.
ती मी खिशात ठेवली. का, ते विचारू नका.

एप्रिलात पेटुनिया उकडून मरतो.
उपटतो, ट्रक भरतो.
शेवाळ तोवर राखाडी झालेलं. पाइप धरला
तर थेंब वरच्या वर पळतात, आत जात नाहीत.
एकदा पुरतं वाळलं की ते पाणी ओळखत नाही.
दुपारी शमाल सुटतो आणि आठशे हजार वर्षं
गोल चौकाला दोन फेऱ्या मारून
कुठेतरी निघून जातात.

बरणीलाही बुरशी आली त्याच महिन्यात.
रफिकुलने ओला चमचा घातला होता.
शपथेवर सांगतो, मी त्याला काही बोललो नाही.

शुक्रवारी आम्ही खाडीवर गेलो.
तिवरं आहेत तिथे, आमच्याकडच्यापेक्षा खुजी,
चिखल मात्र तोच, काळाकुट्ट,
सडक्या अंड्याच्या वासाचा.
इथेही तोच धंदा, गिरगिस म्हणाला होता,
पानं, मुळं, सगळं खाली दाबून ठेवायचं.
छोटी बरणी, पण झाकण लागलेली.
रफिकुल खेकड्यांच्या मागे गेला.
मी बाही वर केली,
काडी मुठीत धरून कोपरापर्यंत हात खुपसला,
खाली गार होतं. तिथेच सोडली.

वर काठावर फोन वाजायला लागला.
हात अजून आत होता.
वाजू दिला.