एकक लिही

रात्री साडेनऊला सूप भिंतीला टेकवून
मी कंपास उघडते.
आत अर्धी पेन्सिल, बोथट कर्कटक
आणि जर्द्याचा वास,
पेटी नवी होती तेव्हा तो नव्हता.

शेजारच्या मगदुमांची शिवलीला शिकवते.
ती पीयूसीत, मी दहावीत,
एकोणचाळीस वर्षांची, बाहेरून बसणारी.
कन्नडात शिकलेली पोर,
माझ्या कर्णाला विकर्ण म्हणते,
त्रिकोणाला त्रिभुज.
मी विचारते, अगं, कोपरे मोजायचे का बाजू?
"यावदादरू सरि, काकू. तीनच हायत."

मग समीकरण.
"इकडनं तिकडं नेलं की चिन्ह बदलायचं."
पहिले आठ दिवस माझं वजा वजाच राहायचं.
मग एका रात्री धाकटी बहीण आठवली,
कागलला दिलेली.
कोगनोळीचा नाका ओलांडला की
पाट्यांची लिपी बदलते, एसटीचा रंग,
रेशनकार्ड, पोरांची पुस्तकं.
बहीण मात्र तेवढीच,
चहात साखर कमी पडली म्हणून रुसणारी.
त्यानंतर चिन्ह चुकलं नाही.
शिवलीलाला हे सांगितलं नाही.
तिला मार्क पायजेत, गोष्टी नकोत.

आयताचं क्षेत्रफळ मला आधीपासून येत होतं,
नाव तेवढं माहीत नव्हतं.
तेवीस वर्षं पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून
कात्री कडेकडेनं फिरवलीय.
शीर कशी चुकवायची,
वाकड्या पानात सरळ चौकोन किती बसतात,
हाताला ठाऊक.
वही म्हणाली, लांबी गुणिले रुंदी.
म्हटलं, बरं, तसं म्हण.

दिवाळीनंतर कारखान्यातनं नवे फर्मे आले.
तेव्हापासनं हजाराला पान पुरेना.
चेकर म्हणायचा, "मालन, पान घरात ठेवतीस काय?"
जैतुनबीलाही तेच.
ती रडली, मी भांडले,
आणि दोघींनी पदरच्या पैशाचं पान घेऊन
हजार भरून दिले.

परवा शिवलीला म्हणाली,
घरात दिसंल त्याचं क्षेत्रफळ काढ, सराव होतोय.
पाट झाला. दाराची फळी झाली.
देवाचा फोटो काचेसकट झाला.
शेवटी फर्मे.
जुना, पंचावन्न बाय पंचेचाळीस मिलिमीटर.
नवा, पंचावन्न बाय
थांब.
मी पट्टी लुगड्याला पुसली. बल्ब खाली ओढला.
सत्तेचाळीस.

दोन मिलिमीटर.
एवढं तर कात्री धरून धरून
माझ्या अंगठ्याला घट्टं पडलंय.

क्ष मानू, तेवढ्याच पानात नव्या फर्म्यानं होणाऱ्या विड्या.
दोन हजार पाचशे पंच्याऐंशी गुणिले क्ष
बरोबर
दोन हजार चारशे पंचाहत्तर गुणिले हजार.
भागाकार चुकला. खोडला. कागद फाटला.
दुसरं पान.
क्ष, नऊशे सत्तावन्न आणि वर थोडं.
थोड्याची विडी होत नाही, सोडून दिलं.
ताळा केला, जुळला.
हजारातनं वजा केले तर त्रेचाळीस.

माझं कार्ड काढलं.
तुटीचा रकाना, चेकरच्याच अक्षरात,
एक्केचाळीस, चव्वेचाळीस, त्रेचाळीस, त्रेचाळीस.

शिवलीला जांभई देत वही बघून गेली.
"उत्तर बरोबर हाय, काकू.
एकक लिहिलं नाहीस. अर्धा मार्क जाईल."

लिहिलं, विड्या.
पेन्सिल तशीच धरून बसले जरा वेळ.
मग पुढं लिहिलं, रोजच्या.

सव्वाअकरा झाले होते.
जैतुनबीची कडी वाजवली.
आतनं, "कोण?"
म्हटलं, मी. पट्टी आणलीय.
तुझा फर्मा काढ बाहेर.