निवळी

"बायो घेतलं तेच केमिस्ट्री नको म्हणून,"
पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून
अफरोज मणियार बोलला आणि वर्ग हसला.
मीही हसले.
अठरा वर्षं हेच वाक्य ऐकते आहे,
फक्त बाक बदलतो.

यंदा प्रवेश लांबले. गंगापूर रोडवरच्या
आमच्या प्रयोगशाळेत ऑक्टोबर उकडत होता,
नळाला पाणी साडेअकरापर्यंतच.
म्हणून पाण्यापासूनच सुरुवात केली.

म्हटलं, मिसळीला जाता ना?
दोघांत एक प्लेट घेतली तर ती कुणाची?
"दोघांची."
बरं. त्याला सहसंयुज बंध म्हणायचं.
आता प्लेटी दोन, माणसं तीन.
मधला दोन्हींत जेवतो, जरा हावरट,
बोलता बोलता प्लेट आपल्याकडे सरकवणारा.
तो ऑक्सिजन.
तर्री त्याच्या बाजूला,
आणि दोन्हीकडचे हायड्रोजन हातात पाव धरून
किंचित उपाशी, किंचित धन.
उपाशी माणूस शेजारच्या टेबलाकडे बघतोच.
त्या बघण्याला हायड्रोजन बंध म्हणतात.
एकेक बघणं काहीच नाही,
सुटतं, पुन्हा जुळतं.
पण सोमेश्वरच्या डोहावर
पाणनिवळी पाय पसरून उभी असते
ती एवढ्याच आधारावर.

मग फळ्यावर सोडियम, क्लोरीन.
एक देतो, एक घेतो. उसनं नाही, कायमचं.
"देऊन टाकलं तर मग वेगळे का होत नाहीत?"
चैताली गांगुर्डेने विचारलं.
दिल्यानंतरच तर ओढ लागते, म्हणाले मी
आणि उगाच खिडकीबाहेर पाहिलं.

चुन्याची निवळी बोरस्तेने आणली होती.
पिंपळगावला त्यांच्या बागेत बोर्डोची तयारी,
त्यातलाच मूठभर चुना
रात्रभर भिजवून, वरचं स्वच्छ तेवढं काढून
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत.
त्याची नखं अजून मोरचुदाने निळी.

नळीने फुंका, म्हटलं. ओढू नका गं चुकून.
सगळ्यांच्या परीक्षानळ्या दुधाळ झाल्या.
वहीत एक ओळ:
उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो.
झालं. मी हातावरचा खडू झटकला.

चैताली थांबली नाही.
पहाटे महापालिकेच्या तलावात पोहते ती,
छातीत दम आहे.
पुरे, म्हटलं. तिने मानेनेच नाही म्हटलं
आणि फुंकत राहिली.
तिच्या हातातलं दूध पातळ होत गेलं,
ओल्या फडक्याने फळा पुसावा तसं,
आधी करडं,
मग नळीतून पलीकडची भिंत दिसू लागली.

"मॅडम, बिघडलं का?"

मला शिकवलेलं होतं हे.
पण आमच्या प्रयोगवहीत दुधाळपणाशी प्रयोग संपतो
आणि इतकी वर्षं मीही तिथेच थांबत आले,
सगळ्यांना थांबवत आले.

बिघडलं नाही, म्हटलं.
श्वास आणखी मिळाला की ती पांढरी भुकटी विरघळते,
बायकार्बोनेट होते. दिसत नाही, पण गेलेली नसते.
तुझ्या रक्तातून बहुतेक श्वास असाच निघतो
फुप्फुसाकडे, रूप बदलून,
आणि जाता जाता रक्त सांभाळतो:
सात पूर्णांक चार.
त्याच्या जरासं इकडे, जरासं तिकडे,
एवढ्याच अंगणात आपण सगळे.

कुणी काही लिहून घेतलं नाही.
अफरोज उठला, बाटलीत उरलेली निवळी ओतून घेतली
आणि गाल फुगवून सुरू झाला.
त्याची स्वच्छ व्हायच्या आत साडेअकरा झाले,
पाणी गेलं,
नळ्या कुणी धुवायच्या यावरून भांडण लागलं.

बोरस्ते मात्र दाराशी घुटमळत होता.
"मॅडम, आमच्या बोअरचं पाणी तापवलं
की बंबात पांढरं बसतं.
आई चिंच लावून घासते. ते हेच का?"

हेच, म्हटलं.
फक्त परतीच्या वाटेवरचं.