उरलेल्या एकेचाळीस

रोवानिएमीत डिसेंबरात दुपारी दीडलाच दिवे लागतात.
आमच्या तळघरातल्या प्रयोगशाळेला खिडकीच नाही,
तेवढंच एक दुःख कमी.

टेबलावर ताउनो कूवाचा लॅपटॉप.
इनारीचा निवृत्त पोस्टमन, वय चौऱ्याहत्तर,
बर्फाला पाडलेल्या भोकाशेजारी सापडला,
गळ अजून पाण्यात.
घातपात नाही, सगळेच म्हणतात.
तरी कागद पुरे व्हायला हवेत.

डिस्कवर तीन लाख बारा हजार सहाशे फायली.
एवढं एका माणसाचं नसतंच कधी.
म्हणून आधी ओळखीचं पाखडून टाकायचं.

प्रत्येक फाइल यंत्रात घातली की खाली उरतात
चौसष्ट अक्षरं, शून्य ते नऊ आणि ए ते एफ.
त्यांच्यावरून फाइल परत उभी करता येत नाही,
राखेतून ओंडका उभा करता येत नाही तशीच.
पण तोच ओंडका पुन्हा जाळला तर हीच राख,
कणाकणाने हीच.
आणि सालीवर नखाएवढा ओरखडा असेल
तर राख अशी बदलते
की हे लाकूड कधी भेटलंच नव्हतं.

शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.
प्रत्येक शीत चाचपावं लागतं.

यादी आमच्याकडे तयार असते:
पत्त्यांच्या खेळातला इस्पिकचा राजा,
कचरापेटी रिकामी होतानाचा आवाज,
ताउनोने आयुष्यात न वाचलेली थाई अक्षरं,
प्रिंटर नसलेल्या घरात एकशे नव्वद प्रिंटर.
जुळलं. जुळलं. जुळलं.
मी कॉफी आणायला गेले, आले, तरी जुळतच होतं.

शेवटी एकेचाळीस उरल्या.
पेन्शनची पत्रं. कुत्र्याचे फोटो, कुत्रा म्हातारा होत गेलेला.
कोणत्या तारखेला किती किलोचा मासा.
आणि एक,
जी तिथे असायलाच नको होती.

नाव यादीतलं. आकार यादीतला, बाइटला बाइट.
राख मात्र परकी.

ओइवा खुर्ची ढकलून उठला.
"कुणीतरी आत शिरलंय," म्हणाला,
आणि खूप दिवसांनी त्याचा चेहरा उजळला.

आम्ही ती उघडली.
टंकलेखनाचा जुना, साधा प्रोग्रॅम.
मेनूतले फिनिश शब्द काढून कुणीतरी दुसरे बसवलेले,
एकेक अक्षर मोजून,
शब्द तोकडा पडला तिथे मागे रिकाम्या जागा भरून,
नाहीतर प्रोग्रॅम सुरूच झाला नसता.
पाकिटावर पत्ता मावत नसेल
तर तो कसा मावतो, हे पोस्टमनला कळतं.

ओइवाला वाचता येईना. मलाही नाही.
इनारीच्या शाळेत फोन लावला.
सिग्गा सार्रे तिथे सामी शिकवते, आनार भागातली,
बोलणारे काहीशेच उरलेत.
मी अक्षरं सांगत गेले, ती अर्थ सांगत गेली.

'जतन करा'च्या जागी: खारव.
'शोधा'च्या जागी: माग काढ.
'रद्द'ला त्याने लिहिलं होतं: सोड जाळं.
'बाहेर पडा'शी ती थांबली.
"घरी चल," म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही,
पलीकडे मुलांचा गलका.
"ताउनो माझ्याशी फिनिशच बोलायचा," ती म्हणाली.
"पत्र देताना. तीस वर्षं."

अहवालात दोनच रकाने आहेत,
ज्ञात आणि अज्ञात.
मी अज्ञातमध्ये एक लिहिलं.

नियम असा: तपासून निर्धोक ठरलेल्या फाइलची
चौसष्ट अक्षरं यादीत चढवायची,
म्हणजे पुन्हा कुठे भेटली तर ओळखू येईल.
ओळखू येईल
म्हणजे न उघडता बाजूला पडेल,
इस्पिकच्या राजाबरोबर,
एकशे नव्वद प्रिंटरांबरोबर.

"चढवलीस का?" ओइवाने विचारलं.
"उद्या," मी म्हटलं.

याला अकरा दिवस झाले.