खालचा कप्पा

मे महिन्यात आमच्या घरात अकरा माणसं असतात
आणि मुंग्या मोजायला मला फुरसत नसते.

सकाळी सहाला ओटा, मिठाच्या पाण्यानं.
मोरीच्या जाळीत डांबरगोळ्या दोन.
दुधाचं पातेलं परातीत, परातीत पाणी.
आमरसाच्या कोयी लगेच पिशवीत,
पिशवीला गाठ, गाठ बांधून फाटकाबाहेर.
घंटागाडी उत्तरेश्वरात साडेसातला येते,
चुकली की दिवसभर चिलटांचं राज्य.
मग अंघोळ, डबा, आणि दहाला दूध संघाच्या हपिसात
दुसऱ्यांच्या म्हशींचे हिशेब.

पोरं भडंग खात खात जिना चढतात.
पायरीला चुरमुरा, पायरीला शेंगदाणा.
मागनं मी, केरसुणी घेऊन.
"काकी, तू पोलीस हाईस काय?"
होय रे. फौजदार.

रविवारी चटणी.
लक्ष्मीपुरीतनं आणलेली ब्याडगी नि संकेश्वरी
कढईत पडली तशी सगळी गच्चीवर पळाली,
शिंकत, डोळे पुसत, मला शिव्या घालत.
पळाले नाहीत ते फक्त मी आणि वन्सं.
संध्याकाळी मोरीपाशी चार झुरळं उताणी.
हे म्हणाले, औषधवाल्याचे बाराशे वाचले बघ.

वन्सं निपाणीहून आल्या त्या सगळ्यांच्या आधी,
शाळांचे निकाल लागले त्याच संध्याकाळी.
न सांगता माळ्यावरची भांडी उतरवून घासली.
गव्हाला एरंडेल चोळलं, पिंपात कडुलिंब घातला,
वर्षाचा गहू, एकटीनं.
मी म्हटलं, माहेरपणाला आलाय, बसा की जरा.
"बसून काय करू?" म्हणाल्या,
आणि गाद्या उन्हात टाकायला गेल्या.
मला ते बरंच वाटलं.
कामाच्या माणसाला हात मिळाला
की तो हाताकडे बघतो, तोंडाकडे नाही.

मंगळवारी रात्री, अकरा वाजून गेलेले,
पाणी प्यायला उठले तर फरशीवर रांग.
बारीक, काळी, शिस्तीची.
माझ्या ओट्याकडे तिचं लक्षच नव्हतं.
साखरेच्या डब्याला वळसा घालून,
झोपलेल्या पोरांच्या उशांपासनं,
पलीकडच्या खोलीत, दिवाणाखाली.
मी मोबाईलचा उजेड धरून गुडघ्यावर मागं मागं.
वन्सं भिंतीकडं तोंड करून झोपलेल्या,
किंवा नसतील.

रांग बॅगेच्या चेनीत शिरत होती.

दुसऱ्याची बॅग उघडू नये, कळतं मला.
पण मुंग्या.

वर आठ दिवसांचे कपडे.
त्याखाली स्वेटर. मे महिन्यात, तिन्ही स्वेटर.
प्लॅस्टिकच्या पिशवीत दोघा पोरांचे
शाळा सोडल्याचे दाखले.
आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेली
पितळेची अन्नपूर्णा,
लग्नात ह्याच घरातनं दिलेली, वीतभर सुद्धा नाही.
देव्हाऱ्यातनं घाईनं उचलली असणार.
तिच्या पळीला नैवेद्याचा गूळ
तसाच चिकटलेला.

बराच वेळ मी तिथंच बसून होते, पायाला मुंग्या येईपर्यंत.
मग ओल्या फडक्यानं पळी पुसली.
गुळाचा खडा सदाफुलीच्या कुंडीत टाकला,
मुंग्यांचा काय दोष त्यात.
कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला.
माझी न बसणारी ब्लाउजं, जुने पडदे,
कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं सगळं.
पुसून घेतला, कोरडा होऊ दिला,
वर्तमानपत्र अंथरलं, कोपऱ्यात कापराच्या चार वड्या.

सकाळी ओटा पुसता पुसता म्हटलं,
"वन्सं, बॅगेला मुंग्या लागलेल्या.
कपडे कपाटात ठेवलेत. खालच्या कप्प्यात."

त्यांच्या हातातला कप तसाच राहिला.
"सगळे?"

"सगळे. बॅग माळ्यावर टाकली."

देव्हाऱ्याकडं त्यांनी मान वळवली.
तिथं आता दोन होत्या,
माझी गडहिंग्लजची आणि त्यांची,
खेटून, जागा कमी म्हणून.

फाटकाशी घंटागाडी वाजली.
पदर खोचून त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं.
"गॅसखाली राहिलंय तुमचं," म्हणाल्या,
"तिथंच तर होतात."