विकच्या बंदरातली यादी

गावाचं नाव विक.
पहिल्या दिवशी हसू आलं, आज्ञाच वाटली,
आणि सांगायला मराठी कानाचं कुणी नव्हतं.
स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला बंदराचं ऑफिस:
एक हीटर, दोन खुर्च्या, मॅग्नस स्वॉन्सन आणि मी.

कुठली होडी आत, कुठली बाहेर,
हे काचेआडून दिसावं, पावसात कुणी दार ठोठावू नये,
एवढ्यासाठी मी वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली.
राखाडी खिडकी, एक लेबल, एक ओके.
सगळ्या होड्या एकाच ओळीत आल्या,
ॲनीमेसिल्व्हरफर्नप्रॉव्हिडन्स,
आणि पुढच्या खिडकीच्या कडेवरून पलीकडे पडल्या.
"धडकल्या," मॅग्नस म्हणाला.

मग उलटी तिरकी रेघ, तिला टेकून एक एन:
इथे ओळ मोड, इथून खाली ये.
खिडकीने ते चिन्हच छापलं,
निरोप्याने "जाऊन सांग" हेही सांगावं तसं.
एकेरी अवतरणं काढून दुहेरी घातली.
चहा गार झाला.
आणि नावं खाली उतरली, पंगतीला बसली एकदाची.
शेवटच्याला मात्र पान पुरेना,
'हार्वेस्ट रीपर' कमरेपासून चौकटीबाहेर.
लेबलची उंची मी आधीच ठरवून टाकली होती.
सोलापूरची खोड. चादर मापातच हवी.

उंची वाढवली. बारा नावं, बारा ओळी.
मॅग्नसने चष्मा कपाळावर सारला,
परत नाकावर आणला.
"सातव्यानंतर जागा सोड."

का, ते त्याने सांगितलं नाही, वही उघडली.
त्याच्या बापाचं अक्षर. सात नावं, एक कोरी ओळ,
पुन्हा नावं.
पान उलटलं, तसंच. पुढचं, तसंच.
मग त्याचं स्वतःचं अक्षर सुरू झालं, तरी तसंच.
इतक्या वर्षांत त्या ओळीवर कुणी लिहिलं नव्हतं,
घाईतही नाही, थंडीने बोटं वळत नसतानाही नाही.

दोन एन लागोपाठ टाकले.
खिडकी जुमानेना. रिकामं दिसलं की
ती वरचं खालचं जवळ ओढून घ्यायची,
शहाण्या नातेवाइकांसारखी.
शेवटी त्या ओळीत एक स्पेस ठेवली,
एसटीत रुमाल टाकतात तशी.
शेजारी कॉमेंट लिहिली, मराठीत,
म्हणजे पुढच्याला कळणार नाही, आणि पुसायलाही तो कचरेल:
जागा धरलेली आहे.

सोमवारी खेकड्यांचे क्रेट उतरवता उतरवता
कीरनने काचेवर बोट ठेवलं.
"मधली एक ओळ उडालीय तुमची."
मॅग्नस हीटरशी वाकून काहीतरी खटपट करत राहिला.
हीटर चालूच होता.